नाव आधीपासून होतं, उंदीर मागाहून हाती आला: वांगुनू बेटावरच्या विकाचं प्रकरण

आमच्याकडे माडाला पत्रा ठोकतात. खोडाला, डोक्याच्या जरा वर, हातभर रुंदीची गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळायची म्हणजे उंदराचे पाय घसरतात आणि तो वर जात नाही. असं म्हणायचं आपलं, शेजारच्या माडाची झावळी टेकलेली असली की तो आरामात तिकडून येतो. मग सकाळी माडाखाली शहाळं पडलेलं असतं, देठाच्या अंगाला एक भोक, आत पाणी नाही की मलई नाही, सगळं साफ. हे उद्योग करणारा तो आपला नेहमीचा काळा उंदीर, वजन जेमतेम दीडदोनशे ग्रॅम, आणि तो सुद्धा शक्यतो कवळ्या फळालाच लागतो, पूर्ण तयार झालेला नारळ म्हणजे त्याच्या दातांची परीक्षाच. त्यामुळे एका बेटावरचे लोक सांगतात की त्यांच्या जंगलात झाडावर राहणारा एक उंदीर आहे आणि तो दाताने नारळ फोडतो, हे वाचल्यावर माझ्या डोक्यात आधी एकच आलं, त्या माडाला पत्रा केवढा लागत असेल.

त्या उंदराचं नाव विका, आणि बेटाचं नाव वांगुनू.

हे प्रकरण मला उंदरापेक्षाही पुराव्यासाठी इंटरेस्टिंग वाटतं. गावाला जे पिढ्यानपिढ्या माहीत होतं ते विज्ञानाच्या वहीत चढायला काय लागलं, कोण कोण लागलं आणि चढल्यावर पुढे काय झालं, हे सगळं या एकाच केसमध्ये दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जागा बघू. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला सोलोमन आयलंड्स नावाचा देश आहे, जवळजवळ हजारभर लहानमोठी बेटं. दुसऱ्या महायुद्धाचं वाचणाऱ्यांना ग्वादालकनाल माहीत असेल, १९४२ ला जपानी आणि अमेरिकन तिथे महिनोन्‌महिने लढले, ते याच देशात. ग्वादालकनालच्या वायव्येला न्यू जॉर्जिया नावाचा बेटांचा गट आहे आणि त्यात वांगुनू. मूळचं ज्वालामुखी बेट, मधे डोंगर, डोंगरावर घनदाट जंगल, आणि एका अंगाला मारोवो लगून म्हणजे किनाऱ्यालगतचं उथळ पाण्याचं सरोवर, जगातल्या सगळ्यात मोठ्या खाऱ्या लगूनांपैकी एक. बेटाचं क्षेत्रफळ साधारण ५०९ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढं होईल त्याच्यापेक्षाही थोडं कमीच. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर जायरा नावाची वस्ती आहे. या लोकांनी आपल्या वाटणीचं जंगल आणि समुद्रकिनारा स्वतःच राखायचं ठरवलं, त्याला जायरा रिसोर्स मॅनेजमेंट एरिया असं नाव दिलं, स्वतःचे रेंजर नेमले. किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, त्यांचीही राखण हेच लोक करतात.

आता उंदीर एवढा मोठा का होतो? या बेटांवर माकड नाही, खार नाही, मांजरकुळातलं काही मुळचं नाही. जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी समुद्र ओलांडून एवढ्या लांब सहसा पोचतच नाहीत. वटवाघळं उडून आली. उंदीर मात्र आले, लाखो वर्षांपूर्वी, बहुतेक वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून. आणि आल्यावर बघतात तर काय, झाडावरची सगळी जागा रिकामी. आपल्याकडे भीमाशंकरला शेकरू जे काम करतो, शेंड्याशेंड्याने फिरायचं, कवचीची फळं फोडायची, खाली उतरायचंच नाही, ते काम तिथे करायला कोणीच नव्हतं, मग ते उंदरांनी घेतलं. (कस्कस नावाचा झाडावरचा एक पिशवीवाला प्राणी तिथे आहे, पण तो माणसांनी नेलेला, त्यामानाने अगदी काल आलेला पाहुणा.) बेटावर लहान प्राणी मोठे होत जातात आणि मोठे लहान होत जातात हे फॉस्टर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडलं होतं, त्याला सगळीकडे अपवाद निघतात हे खरं पण उंदरांच्या बाबतीत तरी बेटं बऱ्यापैकी ऐकतात. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर एक राक्षसी उंदीर आहे, शेपटी सोडून चाळीस सेंटिमीटरच्या वर, आणि त्याच बेटावर एके काळी बुटके हत्ती आणि बुटकी माणसं राहत होती. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरचे क्लाउड रॅट तर दोन किलोच्या वर जातात.

विका ज्या गटातला आहे त्याचं शास्त्रीय नाव युरोमिस. या गटाची खूण म्हणजे शेपटी. आपल्या घरातल्या उंदराच्या शेपटीवर खवले एकावर एक चढलेले असतात, कौलांसारखे, आणि मधून बारीक केस. युरोमिसच्या शेपटीवर खवले एकमेकांवर चढत नाहीत, एकाला एक लागून बसतात, फरशी बसवल्यासारखे, आणि केस जवळजवळ नसतात. अशी शेपटी फांदी धरायला उपयोगी पडते असं मानतात. या गटातला एक ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्येही आहे आणि तो नारळ फोडण्यासाठी तिथे बदनाम आहे, म्हणजे वांगुनूचे लोक नारळाचं जे सांगत होते ते काही अगदीच हवेतलं नव्हतं.

सोलोमनच्या युरोमिसांची नावं बघा, मजा आहे. ग्वादालकनालवर १८८० च्या दशकात वुडफर्ड नावाच्या माणसाने काही मोठे उंदीर गोळा करून लंडनला पाठवले आणि तिथे ओल्डफिल्ड थॉमस यांनी १८८८ मध्ये एकाचं नाव ठेवलं रेक्स म्हणजे राजा, दुसऱ्याचं इम्पेरेटर म्हणजे सम्राट. पुढे १९०४ मध्ये तिसऱ्याला नाव मिळालं पॉर्क्युलस, म्हणजे डुकराचं पिल्लू. राजा, सम्राट आणि डुक्कर! हसू येतं खरं पण उंदराला डुक्कर म्हणण्यात आपणही मागे नाही, इंग्रजीतला बँडिकूट हा शब्द तेलुगूतल्या पंदिकोक्कुवरून गेला, त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर, म्हणजे आपली घूस. तर या पॉर्क्युलसचा अख्ख्या जगात एकच नमुना आहे, तोच तो जुना, त्यानंतर कोणाच्याच हाती लागलेला नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता मूळ केस.

२०१० मध्ये टायरोन लॅव्हरी नावाचे ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञ वांगुनूला पोचले. गावातल्या लोकांनी त्यांना सांगितलं की आमच्या जंगलात विका आहे, झाडावर राहतो, मोठा आहे, नारळ आणि न्गालीची बी फोडून खातो. न्गाली म्हणजे कॅनेरियम नावाच्या झाडाचं बदामासारखं फळ, कवची दगडासारखी. (आपल्या घाटातला धूप, ज्याच्या खोडातून राळ काढतात, तो याच कॅनेरियम कुळातला.) नुसतं सांगितलं नाही, विकाच्या गोष्टी होत्या, मुलांच्या बडबडगाण्यात विका होता. एखादा प्राणी पोरांच्या गाण्यात जाऊन बसतो म्हणजे तो काही परवा कोणाला दिसलेला नसतो.

लॅव्हरी शोधायला लागले. जंगलात कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, झाडावर चढून बघितलं, एक दौरा, दुसरा दौरा, वर्षं जात राहिली आणि विका काही मिळेना. जमिनीवरच्या उंदराला शोधणं त्यामानाने सोपं, सापळा लावला, वाट बघितली. पण शेंड्यात राहणाऱ्याचं काय करणार, एकेका झाडावर शंभर फांद्या, फांद्यांवर वेली, नेचे, बांडगुळं, आणि तो हिंडणार अंधारात. आंब्याच्या मोठ्या झाडाखाली उभं राहून, वर आवाज करणारं पाखरू नक्की कुठल्या फांदीवर आहे ते शोधून बघा, तेही भर दिवसा, म्हणजे कल्पना येईल.

आणि मग त्यांना शंका यायला लागली. हे त्यांनी स्वतःच नंतर मोकळेपणाने सांगितलंय, की एका टप्प्यावर मला वाटायला लागलं हे लोक साध्या काळ्या उंदरालाच तर विका म्हणत नसतील ना.

मला या ठिकाणी दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटतं. शंका चुकीची नव्हती. काळा उंदीर जहाजांबरोबर जगभर गेला, पॅसिफिकच्या बेटाबेटावर पोचला, आणि झाडावर चढण्यात तो पटाईत आहे हे माडवाल्यांना वेगळं सांगायला नको. अंधारात, पावसात, वीसपंचवीस फुटांवर पळणाऱ्या उंदराचा आकार माणूस हमखास दुप्पट सांगतो, साप दिसल्यावर सांगतो तसा. पुरावा मागणं हे शास्त्रज्ञाचं कामच आहे.

पण दुसरी बाजू अशी की जे लोक त्या प्राण्याच्या शेजारी राहतात ते सहसा एवढी गल्लत करत नाहीत. माझी आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण परसात रात्री खुडबुड झाली की ती पडल्या पडल्या सांगायची ही घूस आहे, हा उंदीर आहे, ही चिचुंद्री आहे. घूस माती उकरते त्याचा आवाज वेगळा, चिचुंद्री भिंतीला धरून चिकचिक करत जाते आणि वास मागे ठेवून जाते. चिचुंद्री हा उंदीरच नव्हे हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, तरी तिच्या हिशोबात ती उंदरात नव्हतीच. मग ज्या गावाकडे एका प्राण्यासाठी वेगळं नाव आहे, तो काय खातो, कुठे राहतो हे ठरलेलं आहे, त्यांचं म्हणणं शंकेच्या रांगेत एवढं मागे का उभं राहतं? तर ते हाती देता येत नाही म्हणून. विज्ञानाला शरीर लागतं. कवटी, दात, कातडं, मापं, संग्रहालयाचा नंबर. गाण्यातला उंदीर कपाटात ठेवता येत नाही.

ते शरीर मिळालं २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि मिळालं कोणामुळे तर लाकूडतोड्यांमुळे.

वांगुनूवर व्यापारी लॉगिंग म्हणजे विकण्यासाठी लाकूडतोड चालू होती. तोडणाऱ्यांनी एक झाड पाडलं, डिलेनिया सालोमोनेन्सिस जातीचं, उंची तीसेक फूट. डिलेनिया म्हणजे आपली करमळ. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना माहीत असेल, मोठाली दातेरी पानं, उन्हाळ्यात सगळी पानं टाकून पिवळ्या फुलांनी भरते ती, तिचीच ही सोलोमनमधली चुलतबहीण. तर कटर लागला, झाड आडवं झालं आणि त्यातून एक मोठा तांबूस उंदीर बाहेर पडला. पडण्यात जखमी झालेला, थोड्या वेळात मेला.

एरवी ही गोष्ट इथेच संपली असती. जंगलतोडीत रोज किती जीव असे चिरडून जातात त्याचा हिशोब कुठे असतो. पण इथे हिकुना जज होते, जायराचे रेंजर. त्यांनी तो बघितला, हा विका आहे हे ओळखलं, आणि मुख्य म्हणजे हा कोणाला तरी हवाय हे त्यांना माहीत होतं. मेलेला उंदीर विषुववृत्ताच्या उकाड्यात किती वेळ टिकणार, दुसऱ्या दिवशी वास, तिसऱ्या दिवशी किडे. त्यांनी तो नीट जपला, टिकवला आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड म्युझियमकडे पोचता केला. या सगळ्या प्रकरणात माझ्या मते निर्णायक क्षण कुठला म्हणाल तर हा. पाच वर्षं शोध चालू होता, कॅमेरे होते, पैसा होता, शिक्षण होतं, आणि अडलेलं गाडं सुटलं ते एका माणसाने मेलेला उंदीर फेकून दिला नाही म्हणून.

पुढचं काम त्यामानाने सरळ होतं. लॅव्हरींनी कवटी बघितली. सोलोमनमध्ये तेव्हा स्थानिक उंदरांच्या आठ जाती माहीत होत्या, फक्त आठ, त्यामुळे एकेक जुळवून बाद करत जाणं शक्य होतं, आणि कवटीवरूनच बऱ्याचशा जाती लगेच बाद झाल्या. मग मापं, इतर संग्रहालयांतल्या नमुन्यांशी तुलना आणि डीएनए. उत्तर आलं, हा वेगळाच आहे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४६ सेंटिमीटर म्हणजे दीड फूट. वजन अर्धा ते एक किलोच्या दरम्यान, म्हणजे आपल्या माडावरच्या चोराच्या तिप्पट-चौपट तरी. अंगावर नारिंगी-तपकिरी केस, कान आखूड, पाय रुंद, पंजे फांदी पकडायला बनलेले, आणि शेपटी तीच ती, बारीक खवल्यांची गुळगुळीत. नारळ फोडताना शास्त्रज्ञांनी स्वतः त्याला तेव्हा बघितलेलं नव्हतं, पण कवचीच्या बियांना गोल भोक पाडून आतला गर काढायचा ही त्याची पद्धत, अशी कुरतडलेली बी मिळत होती. गोल भोक! शहाळ्याचं ते भोक डोळ्यासमोर येतं ना?

२७ सप्टेंबर २०१७ ला जर्नल ऑफ मॅमॉलॉजी या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर म्हणजे शोधनिबंध आला. नाव ठेवलं युरोमिस विका. इथे दोन गोष्टी केल्या त्या मला मनापासून आवडल्या. एक म्हणजे राजा-सम्राटाच्या भानगडीत न पडता गावाचाच शब्द घेतला, त्यामुळे आता जगातल्या कुठल्याही प्राणिशास्त्रज्ञाला हा उंदीर म्हणायचा तर वांगुनूचाच शब्द उच्चारावा लागतो. आणि दुसरी, पेपरवर लेखक दोनच, टायरोन लॅव्हरी आणि हिकुना जज. शेवटच्या पानावर आभारात 'स्थानिक सहकारी' म्हणून गुंडाळलं नाही, सरळ लेखक. असं किती वेळा होतं ते या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारा.

बातम्या मात्र ठरलेल्या छापाच्या आल्या, नारळ फोडणाऱ्या राक्षसी उंदराचा शोध, वगैरे. ८० पेक्षा जास्त वर्षांनी सोलोमनमध्ये उंदराची नवी जिवंत जात मिळाली हे खरंच मोठं होतं, त्यात वाद नाही. पण शोध या शब्दाचं काय करायचं? जायराच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हरवला कधी होता? मी तरी याला नोंद म्हणेन. सातबारावर नाव चढणं आणि जमीन कसणं यात जो फरक आहे तोच इथे, आणि नाव चढण्याला किंमत नसते असंही नाही, ती असतेच, कोर्टात तीच लागते.

कोर्टाचं म्हणतोय ते उगाच नाही. कारण पेपरात त्याच फटक्यात हेही लिहायला लागलं की ही जात अतिसंकटग्रस्त धरावी लागेल. म्हणजे कागदावर जन्म झाला आणि त्याच कागदावर आयसीयूमध्ये भरती. कारण सरळ आहे. विका राहतो मूळच्या, न तोडलेल्या जंगलात, ते जंगल वांगुनूवर तुकड्यातुकड्यात उरलंय आणि जे उरलंय त्यातलं मोठं जायराचं. बाकी बेटावर ओंडके आधीच गेले.

या लॉगिंगचं गणित समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण इथे पंख्याखाली बसून तिथल्या लोकांना शिव्या घालतो. सोलोमन हा गरीब देश आहे आणि वर्षानुवर्षं त्याच्या निर्यातीत सगळ्यात मोठा वाटा कच्च्या लाकडाचा राहिला, न चिरलेले ओंडके तसेच जहाजात भरायचे आणि पाठवायचे, मुख्यतः चीनला. देशातली ८० टक्क्यांहून जास्त जमीन सरकारची नाही, कुळांची आहे, परंपरेने चालत आलेली. कंपनीला तोडायचं तर कुळाच्या वतीने हक्क देणारी माणसं लागतात. आता कुळात माणसं शेकडो, सही करणारे मोजके, आणि वाद इथेच सुरू होतो, कोण खरा वारस, कोणाला सही करायचा अधिकार, कोणाला विचारलंच नाही. सातबाऱ्यावर सतरा नावं असलेली वडिलोपार्जित जमीन ज्याने विकताना बघितलीय, किंवा एक भाऊ मुंबईत आणि एक गावी असताना ठेकेदार नक्की कोणाला गाठतो हे ज्याने बघितलंय, त्याला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. एका बाजूला शाळेची फी, दवाखाना, बोटीचं इंजिन, दुसऱ्या बाजूला जंगल. म्हणून जायराच्या लोकांनी एवढी वर्षं नाही म्हणत राहणं हे मला त्या उंदराएवढंच दुर्मिळ वाटतं.

२०१७ नंतर एक अवघड परिस्थिती होती. जात आहे, नाव आहे, पण सगळं उभं होतं एका मेलेल्या प्राण्यावर. जिवंत विकाचा एकही फोटो नाही. जंगल वाचवायला अर्ज करायचा तर समोरचा विचारणारच, आहे का अजून? दाखवा.

मग पुन्हा कॅमेरे लावले, आता जायराच्या मूळ जंगलात, गावकऱ्यांना विचारून, त्यांच्या माहितीवर विसंबून कुठे लावायचे ते ठरवून. मेलबर्न युनिव्हर्सिटी, सोलोमन आयलंड्स नॅशनल युनिव्हर्सिटी आणि जायराचे लोक असं एकत्र काम होतं, लॅव्हरींसोबत केविन सेसे वगैरे मंडळी. आणि आमिष काय होतं माहितीय? तिळाच्या तेलाचा दिवा! कॅमेऱ्यासमोर तिळाच्या तेलाचे दिवे ठेवले. हे वाचताना मी दोनदा थांबलो. आपल्याकडे शनिवारी मारुतीला तेल वाहतात, शनीला तिळाच्या तेलाचा दिवा लावतात, देवळातल्या समईची वात उंदीर ओढून नेतो ही तक्रार प्रत्येक गुरवाकडे ऐकायला मिळेल. उंदराला तेलाचा वास ओढतो हे कुठल्याही देवळात कळलं असतं म्हणा. असो, गमतीचा भाग सोडा, पण त्या पावसाळी जंगलात, काळोखात, झाडाच्या बुंध्याजवळ दिवा आणि शेजारी गप्प बसलेला कॅमेरा, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

विका आला. एकदा नाही, बऱ्याच वेळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन नावाच्या जर्नलमध्ये निकाल छापला, एकूण ९५ फोटो, आणि त्यात चार वेगवेगळे विका. जिवंत प्राण्याचे पहिलेच फोटो. जाड शेपटी, मोठं अंग, कोणाला शंका घ्यायला जागा नाही. २०१० ला गावाने सांगितलं होतं की आमच्या जंगलात विका आहे, ते तेरा वर्षांनी सहीशिक्क्यासकट खरं ठरलं.

इथे गोड शेवट करता आला असता, पण त्याच पेपरात, त्याच बातमीत पुढचं वाक्य हे होतं की जायराच्या या जंगलात लाकूडतोडीला सरकारी संमती देण्यात आलेली आहे. लोकांनी त्यावर अपील केलं. संशोधकांनी साफ लिहिलं की तिथे तोड झाली तर विका संपेल. मला हे बघून कसंसंच झालं, कारण पुरावा मागणाऱ्याला पुरावा दिला ना, आधी शरीर दिलं, मग फोटो दिले, आता अजून काय द्यायचं राहिलंय.

आणि इथे तो पॉर्क्युलस परत येतो. ग्वादालकनालचं ते डुकराचं पिल्लू, एकच नमुना, लंडनच्या कपाटात. त्याच्याही वेळी कोणी तरी रानातून आणला असेल, कोणी तरी त्याला त्या गावाच्या बोलीत काही तरी म्हणत असेल, तो शब्द कोणी लिहून घेतला नाही. ग्वादालकनालच्या तिन्ही उंदरांमागे जंगलतोड लागली, माणसांबरोबर आलेल्या मांजरी लागल्या, काळे उंदीर लागले. विकाची गोष्ट वेगळी होऊ शकते ती एवढ्यासाठीच की त्याच्या जंगलाला अजून राखणारी माणसं आहेत. कायद्यातही थोडी वाट आहे, सोलोमनमध्ये २०१० पासून संरक्षित क्षेत्राचा कायदा आहे आणि एखाद्या गावाने आपलं जंगल त्याखाली घोषित करून घेतलं तर तिथे व्यापारी तोड करता येत नाही. पण घोषणा होईपर्यंत कागद, नकाशे, हद्दी, हरकती, आपल्याला ओळखीचंच आहे सगळं, आणि कटरला करमळीएवढं झाड पाडायला काही मिनिटं पुरतात.

कोणी म्हणेल एका उंदरासाठी एवढं? मीही माडाला पत्रा ठोकणाऱ्यातलाच आहे, माझं उंदरांवर काही प्रेम नाही. पण आमच्या माडावरचा जो आहे तो जगात कुठेही टिकेल, गटारात टिकेल, जहाजात टिकेल. विका वांगुनू सोडून कुठेच नाही, आणि वांगुनूवरही बहुतेक जायराच्या वरच्या अंगाला, जिथे अजून जुनी न्गालीची झाडं उभी आहेत, आणि खाली पानांमध्ये हात घातला तर गोल भोक पाडलेली एखादी कवची सापडते.